बर्फाच्या शहरातला हिवाळा

 

आज थंडीविषयी बोलायचे आहे. समोर सगळे वाकळा आणि घोंगड्या पांघरून बसले आहेत, तेव्हा विषय काही दूरचा नाही. पण आपल्या थंडीकडे आपण मागून येऊ. आधी सातासमुद्रापलीकडच्या एका शहरात जाऊन येऊ. तिथे आपल्याच मुलखातली एक तरुण बाई तीन हिवाळे राहिली. ती कशी राहिली, तिथली माणसे कशी राहत, ते पाहू. मग घरी परत येऊ.

बर्फ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? उन्हाळा! रसवंतीवर गोणपाटात गुंडाळून ठेवलेली लादी, नाहीतर जत्रेतला लाल-पिवळा गोळा. आपल्या बीड जिल्ह्यात थंडी पडते, पण बर्फ पडत नाही. बालाघाटाच्या डोंगरावरच्या गावांत डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहा अंशांच्या आसपास येतो, एखाद्या रात्री त्याच्याही खाली जातो. पहाटे ज्वारीत शिरले तर दवाने धोतर ओले होते, दात वाजतात. तरी रांजणातले पाणी पाणीच राहते. पाण्याचा बर्फ व्हायचा तर पारा शून्यावर उतरावा लागतो.

आणि पारा शून्याच्याही खाली जातो, बरं का. शून्याखाली म्हणजे काय? तुम्हाला उचल ठाऊक आहे. खिशातले पैसे संपले म्हणजे शून्य झाले. मग मुकादमाकडून पाच हजार उचल घेतली, तर आपण शून्याच्या खाली पाच हजार गेलो. पाऱ्याचेही तसेच. शून्याखाली पाच अंश म्हणजे पाण्याचा बर्फ करून वर आणखी पाच अंश थंडी.

अशी थंडी ज्या शहरात दर हिवाळ्यात पडते, ते अमेरिकेतले फिलाडेल्फिया. आणि तिथे गेलेली आपली बाई म्हणजे आनंदीबाई जोशी.

आनंदीबाईंचा जन्म 1865 सालचा. माहेर कल्याणचे, माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झाले. नवरा गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला. चौदाव्या वर्षी मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले. त्या काळी बायकांना तपासायला बाई डॉक्टर नव्हती, आणि पुरुष डॉक्टरापुढे बाई जात नसे. तेव्हा या मुलीने ठरवले की आपणच डॉक्टर व्हायचे.

गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी अमेरिकेतल्या मिशनरी लोकांना पत्र लिहिले. ते पत्र तिकडच्या एका मासिकात छापून आले. कार्पेंटर नावाची एक बाई दातांच्या डॉक्टरकडे पाळी येण्याची वाट पाहत बसली होती. तिने सहज ते मासिक चाळले आणि पत्र वाचले. ओळख ना देख, पण तिने आनंदीबाईंना पत्र धाडले. पुढे आनंदीबाई तिला मावशी मानू लागल्या. कोणी लिहिले, कोणी वाचले, आणि कुठल्या कुठे गाठ पडली पाहा! तुम्ही अक्षरे गिरवता तेव्हा हे कधी आठवले तर बरे.

1883 साली आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीने एकट्या निघाल्या. सोबतीला ओळखीच्या मिशनरी बाया होत्या, घरचे कोणी नव्हते. वय अठरा. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचे शिक्षण सुरू झाले. आणि पाठोपाठ हिवाळा आला.

आता त्या शहरातला हिवाळ्याचा दिवस कसा असे, ते ऐका.

पहिली गोष्ट, दिवस लहान. आपल्याकडे डिसेंबरात दिवस सुमारे अकरा तासांचा असतो. तिकडे तो सव्वानऊ-साडेनऊ तासांचा. सकाळी सात वाजून गेल्यावर सूर्य उगवणार आणि दुपारी साडेचार-पावणेपाचला मावळणार. आपली गुरे घरी यायच्या आत तिकडे दिवे लागलेले. कडक थंडीच्या रात्री खोलीतल्या तांब्यातल्या पाण्यावर सकाळी बर्फाची साय धरलेली असे. ती फोडून तोंड धुवायचे.

रात्रीतून बर्फ पडला असला तर दारापुढे गुडघा-गुडघा थर. हा बर्फ लादीसारखा नसतो. पिंजलेल्या कापसासारखा तो पडतो, पडताना आवाजही करत नाही. पण उचलायला गेले तर जड. ज्याच्या त्याने फावडे घेऊन आपल्या दारापुढची वाट मोकळी करायची. मग त्या वाटेवर चुलीतली राख पसरायची, म्हणजे पाय घसरत नाही. राखेचा हा उपयोग आपल्याला सुचायचे कारण नाही, आपण तिने भांडी घासतो. आता तिकडे रस्त्यावर मीठ टाकतात. मिठाने बर्फ वितळतो.

रस्त्यात रुळांवरून घोड्यांच्या गाड्या चालत. घोडा बर्फावर घसरू नये म्हणून त्याच्या नालांना टोकदार खिळे मारत. गाडीत बसणाऱ्यांच्या पायांना ऊब मिळावी म्हणून डब्याच्या तळाशी पेंढा अंथरत. आपण नाही का, थंडीत बैलगाडीत कडबा टाकून वर पोरे बसवत!

नळाच्या पाण्याची मोठी फजिती होई. पाण्याचा बर्फ झाला की तो फुगतो. अकरा भांडी पाण्याचा बारा भांडी बर्फ होतो म्हणा ना. लोखंडी नळात पाणी गोठले तर नळ फुटतो. म्हणून तिथे नळ जमिनीत खोल पुरतात, घरातल्या नळांना चिंध्या गुंडाळतात, कडक रात्री तोटी थोडी ठिबकती ठेवतात. आणि फुगल्यामुळे बर्फ पाण्यापेक्षा हलका होतो, म्हणून तो वर तरंगतो. नदी वरून गोठते आणि खाली पाणी वाहते. मासे त्या पाण्यात जिवंत राहतात. बर्फ जड असता आणि तळाशी बसला असता, तर त्या नद्यांत मासा उरला नसता.

फिलाडेल्फियाला दोन नद्या. एक डेलावेअर, दुसरी स्कूलकिल. नदी चांगली गोठली की माणसे बर्फावर घोडे घालत. नांगरासारख्या अवजाराने बर्फावर तास पाडत आणि करवतीने लाद्या कापत. हंगामच तो! त्या लाद्या लाकडाच्या भुशात दाबून वखारीत ठेवत. उन्हाळ्यात तोच बर्फ घरोघर विकत. भुशात ठेवलेला बर्फ किती टिकतो ठाऊक आहे? 1833 साली बॉस्टन नावाच्या बंदरातून एक जहाज बर्फ भरून निघाले, चार महिने समुद्रावर चालले, आणि कलकत्त्याला पोचले तेव्हा निम्म्याहून जास्त बर्फ शाबूत होता. मुंबईलासुद्धा पुढे पुष्कळ वर्षे असा अमेरिकेचा बर्फ येत असे.

ही भुशाची गोष्ट आम्ही उगाच सांगितली नाही. भुसा काय करतो? बाहेरची उष्णता आत जाऊ देत नाही. आणि आपली वाकळ काय करते? आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाही. काम एकच. दोन्हींत बारीक बारीक पोकळ्यांत हवा कोंडलेली असते आणि ती कोंडलेली हवा उष्णतेची वाट अडवते. वाकळेत स्वतःची ऊब नसते. आपल्याच अंगाची ऊब ती राखते. म्हणून एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घातले तर थंडी कमी वाजते. म्हणून ओले कापड अंगावर ठेवू नये, त्यातल्या पोकळ्यांत हवेऐवजी पाणी भरलेले असते. आणि म्हणूनच जमिनीवर झोपताना अंगावरच्या पांघरुणाइतकेच अंगाखालचे अंथरूण महत्त्वाचे. पाचटाचा एक चांगला थर खाली असला तर एका वाकळेचे काम करतो.

आनंदीबाईंना ही कपड्याची अडचण फार जाणवली. त्या नऊवारी नेसत. नऊवारीत पोटऱ्या आणि कंबर उघडी राहते. इकडे ते ठीक, पण बर्फात? तिकडच्या बायांचे कपडे घालायला मन घेईना. घरी गोपाळरावांचा आणि इकडे सगळ्या समाजाचा डोळा होता की ही बाटते की काय. पुष्कळ विचार करून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायचे ठरवले. तिने पाय झाकतात, कंबर झाकते, आतून परकर घालता येतो. नवऱ्याला मागाहून कळवू, असे म्हणून त्यांनी तसे करून टाकले. आम्हाला तर वाटते की परदेशात एकटीने परीक्षा देण्याइतकाच हाही धीटपणा होता.

कपड्याचे जमले. विस्तवाचे जमले नाही.

तिकडे घरात विस्तव हवाच. फिलाडेल्फियाची पुष्कळ घरे विटांची, एकमेकांना चिकटून ओळीने बांधलेली. भिंतीला भिंत असली की थोडी ऊब राहते. पण तेवढ्याने भागत नाही. त्या प्रांताच्या डोंगरांत कठीण दगडी कोळसा निघतो, तो धूर कमी करतो. श्रीमंत माणूस उन्हाळ्यातच गाडीभर कोळसा तळघरात भरून ठेवी. गरीब माणूस हिवाळ्यात बादली-बादलीने घेई आणि त्याला तो महाग पडे. (आपल्याकडे नाही का, डबाभर तेल घेणाऱ्याला स्वस्त आणि पावशेर घेणाऱ्याला महाग!) गरिबाची पोरे रेल्वेच्या रुळांकडेला सांडलेला कोळसा वेचत. साऱ्या घरात एका स्वयंपाकघरातच विस्तव, आणि सारे कुटुंब तिथेच.

आनंदीबाईंना राहायला मिळालेल्या खोलीत भिंतीतली शेकोटी होती, पण तिचे धुराडे धड नव्हते. पेटवली की खोलीभर धूर. विझवली की हाडे गोठवणारी थंडी. धूर नाहीतर थंडी, दोन्हींतले एक निवडायचे. परक्या देशात, परक्या अन्नावर अर्धपोटी राहून, ही मुलगी रात्री अभ्यास करी.

धुराडे काम कसे करते ते पाहू. तापलेली हवा हलकी होते आणि वर चढते. उंच नळकांडे असले की ती त्यातून बाहेर जाते आणि धुराला बरोबर नेते. ती गेली की तिच्या जागी नवी हवा खालून आत यावी लागते. म्हणजे दोन वाटा हव्यात, एक धूर जायची आणि एक हवा यायची. नळकांडे बुजले, किंवा आखूड पडले, किंवा खोली सगळीकडून बंद केली, की धूर उलटा खोलीत येतो. आपल्या जुन्या माळवदाच्या घरात छताला झरोका असे, त्याला सवणे म्हणत. उजेड त्यातून आत येई, धूर त्यातून बाहेर जाई. म्हाताऱ्या माणसांनी ही गोष्ट शाळेत न जाता ओळखली होती. आता माळवद जाऊन पत्रे आले, स्लॅब आले, आणि पुष्कळ घरांत सवणे काही राहिले नाही.

आनंदीबाई शिकल्या. 11 मार्च 1886 रोजी त्यांना डॉक्टरची पदवी मिळाली. पंडिता रमाबाई त्या समारंभाला हजर होत्या. कोल्हापूरच्या दवाखान्यात बायकांच्या विभागाची नोकरी ठरली. पण अंगात क्षय शिरला होता. त्या परत आल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात वारल्या. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. एका दिवसाचीही डॉक्टरकी त्यांच्या हातून इथे झाली नाही.

थंडीने क्षय होतो का? नाही. क्षय जंतूने होतो. तो जंतू 1882 साली, म्हणजे आनंदीबाई निघायच्या आदल्याच वर्षी, जर्मनीत सापडला होता. पण त्यावरचे औषध यायला आणखी साठ वर्षे लागली. आज क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. मात्र अर्धपोटी अंग, कोंदट हवा आणि छातीत रोजचा धूर, यांनी त्या जंतूचे फावते.

आता घरी येऊ.

आपल्या जिल्ह्यातले पुष्कळ लोक दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यांवर जातात. इथे बसलेल्यांपैकी कित्येकांचे हिवाळे कोपीतच गेले आहेत. पहाटे अंधारात उसाच्या फडात शिरायचे, पाचट दवाने भिजलेले, हात बधिर, आणि घरी, म्हणजे कोपीत, मूल झोपलेले. पूर्वी कोपी पाचटाची असे. फटीतून वारा येई, पण धूरही जाई. आता वरून ताडपत्री किंवा प्लॅस्टिक ओढतात, खालून दगड ठेवून कडा दाबतात. वारा बंद होतो. बाई घमेल्यात निखारे घेते, आत ठेवते, आणि सारे झोपतात.

इथे आम्हाला जरा सावकाश बोलायचे आहे.

धूर डोळ्यांना झोंबतो, खोकला आणतो, म्हणून आपण त्याला भितो. पण निखाऱ्यांतून आणखी एक वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. त्याचे नाव कार्बन मोनॉक्साईड. लाकूड, कोळसा, गोवरी, काहीही जळताना हवा कमी पडली की तो जास्त निघतो. श्वासाबरोबर तो रक्तात जातो आणि रक्तात प्राणवायूची जी जागा, ती बळकावतो. एकदा बसला की लवकर हलत नाही. माणूस श्वास घेत राहतो, पण प्राणवायू अंगाला मिळत नाही. जाग्या माणसाचे डोके दुखते, गरगरते, मळमळते, हातापायांतली शक्ती जाते. झोपलेल्याला काहीच कळत नाही. तो झोपेतच जातो.

लोक म्हणतात, "धूर निघून गेला, आता नुसता लाल निखारा आहे, आता आत घ्यायला हरकत नाही." तेच फसवे आहे. लाल निखारा धूर करत नाही, पण हा वायू तेव्हाही सोडतो.

दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात बातमी येते की बंद खोलीत शेकोटी ठेवून माणसे झोपली आणि सकाळी उठली नाहीत. गावात असे झाले की कोणी म्हणते बाहेरचे लागले, कोणी म्हणते अन्नातून विष घातले. लडाखात लेह नावाचे शहर आहे. तिथे हिवाळ्याच्या रात्री पारा शून्याखाली पंधरा अंशांपर्यंत जातो, नळ गोठतात. तिथे खोलीत बुखारी नावाची लोखंडी शेगडी असते आणि तिचे नळकांडे थेट छपराबाहेर काढलेले असते. लष्करात तिकडे नोकरी करून आलेला कोणी तुमच्या गावात असेल, तर त्याला विचारा की बुखारी पेटती ठेवून झोपताना काय काळजी घेतात.

आणि आता बाळंतिणीची गोष्ट. आनंदीबाईंनी पदवीसाठी जो निबंध लिहिला, तो हिंदू समाजातल्या बाळंतपणाविषयीच होता. आपल्याकडे बाळंतिणीची खोली अंधारी, दार बंद, खिडकीला गोणपाट, आणि बाजेखाली शेगडी. आई अशक्त, मूल आठ दिवसांचे. त्यांना ऊब पाहिजे, यात आजीबाईंचे काही चुकत नाही. नव्या मुलाच्या अंगात ऊब राखायची शक्ती फार थोडी असते आणि गारठ्याने ते खरेच दगावू शकते. पण बंद खोलीतली शेगडी ऊब देता देता हवा खाते. तिच्यातला वायू मोठ्या माणसाआधी त्या मुलाला बाधतो.

मग ऊब आणायची कशी? मुलाला टोपडे आणि लंगोट एवढेच घालावे आणि आईच्या उघड्या छातीवर पालथे निजवून वरून दोघांना मिळून वाकळ घालावी. आईच्या अंगाची ऊब सारखी मिळते, कमी होत नाही, भाजत नाही. कमी वजनाच्या मुलांना आता मोठ्या दवाखान्यांतही असेच ठेवतात. त्याचे तोंड-नाक मात्र मोकळे राहिले पाहिजे. मुलाला पहिल्याच दिवशी घाईने अंघोळ घालू नये. रात्री अंथरूण ऊन करायचे तर गरम पाण्याची बाटली, झाकण घट्ट लावून, फडक्यात गुंडाळून अंथरुणात ठेवावी आणि मूल निजवण्याआधी काढून घ्यावी. शेक द्यायचाच असेल तर आई जागी असताना, दुसरे माणूस जवळ असताना, दार-खिडकी उघडी ठेवून द्यावा. झोपायच्या वेळी शेगडी खोलीबाहेर गेलीच पाहिजे. सासूबाई रागावल्या तर आमचे नाव सांगा, आम्ही येऊन त्यांची समजूत घालू.

कोपीतही तेच. शेकायचे ते बाहेर, पाचटापासून लांब, आणि निजण्याआधी निखाऱ्यांवर पाणी ओतायचे. ताडपत्रीची एक कड वरच्या बाजूने आणि एक खालच्या बाजूने हातभर मोकळी ठेवा. थोडा वारा लागेल, लागू द्या. त्या बदल्यात अंगाखाली पाचटाचा थर जाड करा आणि पोरांना मध्ये घेऊन झोपा. दारू प्याली की थंडी वाजत नाही असे काही जण सांगतात. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या उघडतात, म्हणून ऊन वाटते, पण तीच ऊब अंगातून बाहेर निघून चाललेली असते.

आणि कधी विस्तवाच्या खोलीत कोणाचे डोके दुखले, उलटी झाली, कोणी हलवूनही उठेना, तर आधी दार उघडा आणि माणसाला उचलून मोकळ्या हवेत आणा. बाकी सगळे त्यानंतर. एकशे आठ या नंबरवर फोन करून गाडी बोलवा आणि दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरला सांगा की खोलीत निखारे होते. हे शेवटचे सांगायला विसरू नका, कारण तुम्ही सांगितल्यावाचून डॉक्टरला ते कळणे कठीण. दवाखान्यात प्राणवायू देतात, त्याने तो वायू रक्तातून हळूहळू निघतो.

एवढे बोलून आम्ही थांबतो. मागच्या बाजूला एक बाई मघापासून हात वर करून आहेत. बोला मावशी, काय विचारायचे आहे?